चहा तसाच ठेवून

आमच्या सोलापूरच्या ऑफिसात एकमेकांचा कोड तपासायचा सर्व्हर क्लाउडवर आहे. तो बंद पडला की मैंदर्गी गावच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हाक जायची. "झोपला व्हय? उठवतो की," म्हणत ते चहा तसाच ठेवून यायचे.

मग सर्व्हर कुणालाही उभा करता यावा म्हणून त्यांनी स्क्रिप्ट लिहिली. काल भरदुपारी ती तपासून बघायला चालता सर्व्हर त्यांनी स्वतःच काढून टाकला, स्क्रिप्ट मला चालवायला लावली आणि स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सर्व्हर उभा राहिला. सगळ्यांचं काम जागच्या जागी होतं.

"माजी गरज लागली का?"

"नाही."

समाधानानं त्यांनी गरम चहा प्यायला.

आज काहीच अडलं नव्हतं, तरी मी त्यांना हाक मारली. ते चहा तसाच ठेवून आले.