नामाभाऊंची छाती

नामाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंद्रुडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त विज्ञान शिक्षकाला दुसरं काय काम... दीड महिना झाला, तरी त्यांच्यावर पेपरात लिहायला हात धजत नव्हता.

भाऊ बैलांचे दलाल. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. भाऊंनी हात धरला की समोरच्याला घाम फुटायचा. कुणी ढुंकून पाहणार नाही असा अशक्त बैल ते बेधडक घ्यायचे आणि वर्षभरात नांगराला उभा करायचे. "वहिनींनाही रुमालाखालीच पसंत केलं का?" असं आम्ही चिडवायचो, तेव्हा वहिनीच आधी हसायच्या.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी सुरू झालं. दुखणं आटोक्यात आलं, पण धारूरच्या बाजारात भाऊ बोटं धरायचे आणि सौदा न करताच सोडून द्यायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, छातीच होत न्हाई बगा. कावून असं?"

आणि मी अतिशहाणा! पेपरात वाचलेलं सांगून मोकळा झालो, की त्या हार्मोनमुळं माणूस जोखीम घेतो म्हणे. यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, हे पुढचं वाक्य मात्र सांगितलं नाही. ऐकणारा माणूस एवढा तल्लीन झाला की माझीच कळी खुलली होती.

शेवटच्या भेटीत, मणक्यात दुखणं उतरल्यावर, वहिनी पाणी आणायला आत गेल्या तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "मास्तर, वरीस झालं, सुई घेतलीच न्हाई म्या. तालुक्याला जायचो, स्टँडवर च्या पिऊन माघारी यायचो. डाक्टरला बी हात जोडले, घरी सांगू नका म्हनलं."

मी विचारलं, "मग... छाती तरी आली का परत?"

"न्हाई. भ्याव तेच हाय."

म्हणजे माझं अर्धवट ज्ञान खोटंच निघालं, आणि त्याच्यापायी माणूस गेला. स्वतःला दुसरं काही सांगायला माझ्याकडे उरलेलं नाही.

परवा वहिनींकडे गेलो. भाऊंची बाज अजून ओसरीतच आहे. तिच्यावर मला बसवून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्या सांगन्यानंच त्ये नेमानं सुया घ्यायचे. न्हाईतर कुनाचं ऐकलं असतं त्यांनी?" मी खाली मान घालून चहा प्यायलो. पेपरात लिहितोय हे त्यांना कळलंय. त्यांना वाचता येत नाही.

"छापून आलं की तुमीच वाचून दावा," म्हणाल्या. "येक बी शब्द सोडू नका."