ताईंची शतपावली

ठाण्यातल्या आमच्या ऑफिसचं वायफाय माझ्याकडे आहे. ते नीट चालतं तेव्हा माझी कुणाला आठवण येत नाही. बंद पडलं की सगळ्यांना येते.

अकाउंट्समधल्या ताई मात्र रोज तक्रार घेऊन यायच्या. जेवण झालं की त्या कॉरिडॉरमध्ये शतपावली घालत. हातात फोन, फोनमध्ये त्यांचे वडील. ते ठाकुर्लीला एकटे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, पण हे लेक सोबत असली तरच चालणार. म्हणून ती इकडे कॉरिडॉरमध्ये, ते तिकडे चार पावलांच्या गॅलरीत. आमच्या इमारतीत मोबाईलला रेंज नाही, व्हिडिओ कॉल वायफायवरच. जिन्यापाशी एका राउटरची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे कॉल गोठायचा. कॉल गोठला की बाबा खुर्चीत, आणि मग काही केल्या उठायचे नाहीत.

"काहीतरी कर ना रे," ताई म्हणायच्या.

मी फास्ट रोमिंग सुरू केलं. म्हणजे हद्द ओलांडताना फोनची पुन्हा सगळी चौकशी होत नाही, पुढचा राउटर त्याला लगेच आत घेतो. माझ्या फोनवर बोलत अख्खा मजला फिरलो, कॉल कुठे अडकला नाही. छाती फुगवून ताईंकडे गेलो, तर त्यांच्या जुन्या फोनला नेटवर्कच मिळेना. त्याला ही नवी रीत ठाऊकच नव्हती.

"नवीन फोन घ्या हो आता!" मी वैतागलो.

"चालता फोन कशाला टाकू?"

त्या दिवशी बाबा चाललेच नाहीत. रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या फोनसाठी जुन्या रीतीचं वेगळं नेटवर्क काढून दिलं. फोन जोडला गेला, पण जिन्यापाशी रडगाणं तेच. शेवटी म्हटलं, "ताई, जिना ओलांडूच नका. पाण्याच्या कूलरपासून जिन्यापर्यंत जा आणि परत फिरा." एवढं इंजिनिअरिंग शिकून मी हा उपाय सांगत होतो.

ताई तशा चालू लागल्या. चार पावलं टाकली की वळायचं. मी पाणी प्यायला गेलेलो, तेव्हा फोनमधून बाबांचा आवाज आला.

"अगं, आज तूही माझ्याबरोबर वळतेस की! रोज तू आपली सरळ पुढे जायचीस, मी एकटाच मागे फिरायचो."

"आता नाही जात, बाबा," ताई म्हणाल्या.

साहेब अधूनमधून विचारतात, ते जुनं नेटवर्क अजून कशाला ठेवलंय. मी म्हणतो, लागतं.