फरदडीच्या वर्षातली दहावी

आमच्या तांड्यावर कापसाची वेचणी संक्रांतीपर्यंत आटोपायची आणि मग पोरी शाळेसाठी मोकळ्या व्हायच्या. माझ्या दहावीच्या वर्षी तसं झालं नाही. अळीनं बोंडं खाल्ली, भाव पडला, म्हणून बापानं फरदड ठेवली. म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन उरलासुरला कापूस काढायचा. तो फुटला मार्चमध्ये. बोर्डाची परीक्षाही मार्चमध्येच.

तांड्यावरची एकही पोरगी तोवर दहावीला बसली नव्हती. गणिताच्या पेपराला बाप म्हणाला, "दव सुकलं का दोन घंटे वेच, मंग जाय."

"अकराला पेपर हाये, बा. एसटी नऊची."

याडी, म्हणजे माझी आई, हसली. "उशीर झाला त मास्तर खाते का तुले? रोजच त उशिरा जातं!"

तेही खरंच. वेचणीच्या दिवसांत आम्ही दुपारी शाळेत पोचायचो, तरी गुरुजी हजेरी लावायचे. परीक्षाही तशीच, असं दोघांना वाटलं.

एसटी गेली. बापानं सायकलवर डबलसीट राळेगावला नेलं. पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता. फाटक बंद.

"आता सोडता येत नाही," केंद्रावरचे सर म्हणाले.

"दोन घंटे बाकी हायेत ना, साहेब! तेवढ्यात लिवते ते. हात लय चालते तिचा."

"कापसात चालत असेल. इथं अर्ध्या तासानंतर कोणालाच घेत नाही."

परतताना बाप खेकसला, "फाटक लावतेत हे सांगाले नाही होत का?"

हॉल तिकिटावर ते छापलेलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटीच. वाचलं होतं, बोलले नाही. बापासमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायची सवय नव्हती.

गणित ऑक्टोबरात सुटलं, तोवर अकरावीचे प्रवेश संपले होते. तो अख्खा हंगाम मी वेचणी केली आणि दोन स्थळं परतवली.

पुढच्या वर्षी अकरावीत गेले, शिकत राहिले आणि तांड्यावर पोरींची शाळा मीच काढली. शाळेच्या कार्यक्रमाला बाप पहिल्या रांगेत बसतो आणि सांगतो, "म्याच शिकवलं तिले." टाळ्या पडतात. मी खोडत नाही, माइक त्याच्याच हाती ठेवते. दहावीच्या पोरींना शेतातून सोडा, हे त्यांचे बाप त्याच्या तोंडून ऐकतात. माझ्या तोंडून ऐकत नाहीत.