राहात्याला पोचवायची फियाट

"टेम्पोवर चढवून आणतो ताई, तुमी कशाला तरास घेता," असं दत्तूभाऊ फोनवर म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. मीच चालवत आणून देते." फोन ठेवल्यावर मात्र हिशेब केला. नगर ते राहाता म्हणजे पाऊणशे किलोमीटर. गाडी माझ्या लेकीहून मोठी. आणि शहराच्या वेशीबाहेर ती मी एकटीने कधीच नेली नव्हती.

ही आमची आकाशी रंगाची फियाट. हातगिअरची, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, आणि समोर सलग एकच बाक. माझे यजमान श्रीकांत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांनी ती जुनीच विकत घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने सांभाळली. भिंगारच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी मला ती चालवायला शिकवली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आकडे अजूनही मनात इंग्रजीतच येतात. त्यामुळे गिअर बदलताना मी मोठ्याने "वन, टू, थ्री" म्हणायची आणि ते शेजारी बसून हसायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यायची वेळ आली, तेव्हा बंगळूरहून लेक म्हणाली, "आई, आता पुरे. कोण बघणार तिच्याकडे?" तिचं चुकत नव्हतं.

दत्तूभाऊ राहात्याचे पेरूचे बागायतदार. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद. फोटो बघूनच त्यांनी गाडी पसंत केली आणि इसार म्हणून पैसे नाही, पेरूची एक पाटी आणि नारळ पाठवून दिला. तो नारळ मी फोडला, पेरू शेजारीपाजारी वाटले. म्हणजे शब्द दिला गेला.

तयारी

जुनी गाडी बाहेरगावी न्यायची असेल तर आधी आठ दिवस मेकॅनिकला द्या, हे माझं पहिलं सांगणं. नागापूरच्या एमआयडीसीत रफिकचाचांचं गॅरेज आहे. बोनेट उघडून, चाकांखाली वाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काकू, मागच्या तीन वर्षांत किती चालवली?"

मी अभिमानाने सांगितलं, "दर रविवारी सकाळी दहा मिनिटं सुरू करते. शेडमध्येच. पुसते, पॉलिश करते, मग कव्हर घालते. एकदाही चुकवलं नाही."

"तिथंच घोळ झाला," ते म्हणाले. "उभ्या उभ्या दहा मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरी भरत नाही, ब्रेक जाम होतात. टायर बघा, नक्षी नवी कोरी आणि कडेला भेगा. काकू, तुम्ही हिला लाडाने आजारी पाडलं."

मला हसूही आलं आणि लागलंही. इतके रविवार मी किती मन लावून ते करत होते. कव्हरसुद्धा मी स्वतः शिवलेलं, आतून जुन्या दुलईचं अस्तर लावून.

त्यांनी टायर बदलले, ब्रेकचे रबर बदलले, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं, तेव्हा जुनी गाडी असलेल्यांनी तेवढं आधी करून घ्या. बिल माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्याहून जरा जास्त झालं. "विकायचीच आहे तर एवढं कशाला?" चाचांनी विचारलं.

"दुसऱ्याच्या दारात धक्का मारत जायला नको," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि नको म्हटलं तरी डिकीत एक जुना फॅनबेल्ट टाकला.

नगर ते राहुरी

जानेवारीतली सकाळ होती. साडेआठला निघाले. आदल्या दिवशी समोरचा कप्पा रिकामा केला होता: लेकीची शाळेतली क्लिप, टोलच्या विटक्या पावत्या, आणि श्रीकांतचा पंचा. पंचा पर्समध्ये घातला. कव्हर घडी करून डिकीत ठेवलं, गाडीबरोबर तेही द्यायचं म्हणून. परत एसटीने यायचं ठरलं होतं, बायकांना अर्धं तिकीट आहे.

चोक ओढला, दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. नागापूर ओलांडेपर्यंत कारखान्यांच्या पाळीचे दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. विळद घाट उतरताना माझे दोन्ही तळवे ओले झाले. घाट म्हणजे खरं तर छोटा उतारच, पण श्रीकांत इथे नेहमी तिसऱ्यातून दुसरा टाकायचे आणि मी शेजारी बसून बाहेर बघायची. "थ्री... टू," मी एकटीच मोठ्याने म्हणाले. गिअर पडला. खाली आल्यावर एवढा आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला गाडीच होती.

या रस्त्यावर खड्डे आहेत, कामंही सुरू असतात. चाळीसच्या वर जाण्याचा हट्ट नको. जुन्या गाडीत तसाही वेग विसरायचा असतो. काच खाली घ्यायची, कोपर खिडकीवर ठेवायचं, शेतात कोण काय करतंय ते दिसतं. गव्हाला पाणी चाललं होतं, एका बांधावर बायका कांद्याची रोपं वाहत होत्या. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि दहा मिनिटांनी लक्षात येतं की आपल्याला या गोष्टींची आठवणसुद्धा येत नाही आहे.

राहुरीत चहाला थांबले. चहावाले कपबशी घेऊन थेट गाडीपाशीच आले. "बाई, माझी वरात हिच्यात निघली हुती! हाच रंग. सासरा म्हनला, जावयाला बैलगाडीत न्हाई आननार."

"मग?"

"मग काय, अर्ध्या वाटंत पेट्रोल संपलं. आन् मला नवरदेवाला ढकलाया लावलं." आतून त्यांची बायको ओरडली, "खोटं! ढकललं माझ्या भावानं, हे आत बसून हुते!"

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. जुनी गाडी घेऊन निघालात तर प्रत्येक थांब्याला अर्धा तास जास्त धरा. लोक गाडी बघायला येतात आणि स्वतःची गोष्ट सांगून जातात.

राहुरी ते राहाता

राहुरी फॅक्टरीच्या पुढे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकले. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रांग हलता हलेना. ऊन डोक्यावर आलेलं. पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये रांगल्यावर गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

मागून हॉर्नचा कल्लोळ. दोघा ट्रॅक्टरवाल्यांनी उतरून गाडी कडेला घेतली. "बाई, म्हातारी थकली बघा," एक जण म्हणाला. "कुठली, गाडी का मी?" मी विचारलं. तो जीभ चावून हसला.

कारण मला ठाऊक होतं. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढे जात नाही. यावर श्रीकांतचा उपाय एकच, पंचा ओला करून पंपावर गुंडाळायचा. सवयीने हात समोरच्या कप्प्यात गेला. कप्पा रिकामा. मग आठवलं आणि पर्समधून पंचा काढला, पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं, पंपावर गुंडाळला. दहा मिनिटं लिंबाच्या सावलीत उभी राहिले. मग चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. लांब गेलेल्या ट्रॉलीवरून त्या दोघांनी शिट्ट्या मारल्या. मी मनाशी म्हटलं, हा पंचाही आता गाडीबरोबरच द्यायला हवा. नुसता पर्समध्ये ठेवून मी त्याचं काय करणार?

कोल्हारला प्रवरेच्या पुलावरून भरलेली नदी बघितली, बाभळेश्वर ओलांडलं आणि साडेबाराला राहात्याच्या अलीकडे दत्तूभाऊंच्या वस्तीवर पोचले. पेरूच्या बागेतून कच्चा रस्ता आत जातो. प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि वरून पिशवी, जणू झाडांना कंदील टांगलेत.

दत्तूभाऊ साठीचे, पांढरी टोपी, हाताला पेरूचा वास. पाणी दिल्याबरोबर त्यांनी मला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. एकापाठोपाठ एक कव्हरं वर केली. सात गाड्या होत्या. दोन अँबॅसिडर, एक जुनी गोलमटोल डुक्कर फियाट, एक उघडी जीप, आणखी कुठल्या कुठल्या. आरशासारख्या लखलखत्या. आणि सगळ्यांची चाकं जमिनीपासून वीतभर वर. प्रत्येकीखाली चार लाकडी ठोकळे.

"धुळीचा कन बसू देत न्हाई," ते म्हणाले. "ल्हानपनी सडकंला पेरू विकायचो ताई. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या मोजायचो. एकीनं बी कधी आत बसवलं न्हाई. तवाच ठरवलं हुतं."

"आन् आता मला बी बसवत न्हाईत," त्यांच्या पत्नी मंदाताई चहा घेऊन येत म्हणाल्या. "दारात सात गाड्या, आन् मी बाजाराला जाते मोटरसायकलवर मागं, मांडीवर भाजीची पिशवी!"

शेडच्या शेवटी जागा झाडून ठेवलेली होती. तिथे बाभळीचे चार नवे ठोकळे मांडलेले, अजून साल ओली. दत्तूभाऊंनी कौतुकाने एकावरून हात फिरवला. "हे तुमच्या गाडीचे. कालच कापले."

किती मायेने कापले होते त्यांनी. अगदी मी शिवलेल्या कव्हरासारखेच. रफिकचाचांचं वाक्य कानात वाजत होतं, पण शब्द दिलेला होता, नारळ फोडलेला होता. मी डिकीतून कव्हर काढून त्यांच्या हातात दिलं. चावी द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"एक चक्कर मारू या का?" मी विचारलं. "शेवटची. मंदाताई, पुढे बसा."

मंदाताई पदराला हात पुसत बसल्या. दत्तूभाऊ मागे. कालव्याच्या रस्त्याने निघालो. मंदाताईंनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. बांधावरच्या एका बाईला त्यांनी हाक मारली, "अगं ए, बघ कोन चाललंय!" मी आरशात बघितलं तर दत्तूभाऊ खिडकीला नाक लावून बसले होते.

"तुम्ही चालवा ना," मी गाडी थांबवली.

ते खाली बघायला लागले. "ट्रॅक्टर चालवतो. ह्यो हातगिअर येत न्हाई मला."

"सात गाड्या हायेत आन् येत न्हाई!" मंदाताई हसून हसून वाकल्या.

मग मी बाकावर मध्ये सरकले, दत्तूभाऊंना स्टिअरिंगसमोर बसवलं आणि शिकवलं. क्लच दाबा, दांडा तुमच्याकडे ओढा आणि खाली. "वन." दोनदा गाडी गचके खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. "टू," मी म्हटलं. "टू," ते मोठ्याने म्हणाले. "थ्री!" हे मात्र तिघांनी एकदम म्हटलं. टोपी मागे सरकली होती आणि साठीच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर सडकेवरचा पेरूवाला पोरगा स्पष्ट दिसत होता.

परत आल्यावर ते बराच वेळ बोनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, ही गाडी मी घेत न्हाई."

"का? काय झालं?"

"गरम हाय. माझ्या सातीच्या साती थंडगार हायेत." त्यांनी शेडकडे बघितलं. "ही चालती हाय, तुमी चालवता. हिला ठोकळ्यावर चढवायला माझा हात होनार न्हाई."

"पण शब्द... नारळ..."

"पेरू ग्वाड हुते का?"

"खूप."

"मग झालं की."

"आदी घरच्या सात खाली उतरवा," मंदाताई म्हणाल्या, "मंग दुसऱ्याच्या बघा."

भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताजा ठेचा जेवून दोनला निघाले. दत्तूभाऊंनी त्यांच्या साठ्यातली मागच्या दिव्याची एक काच दिली. माझी तडकलेली त्यांनी कधी बघितली होती कोण जाणे. पेट्रोल जाऊनयेऊन तेरा-चौदा लिटर लागलं. दिवस मावळायच्या आत मी घरी होते आणि विळदच्या चढावर एकदाही हात ओला झाला नव्हता.

घरी

रजिस्ट्रेशनचा अर्ज भरला आहे. लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मे महिन्यात मला पण शिकव." आता रविवारी मी गाडी पुसत बसत नाही. कधी भिंगारपर्यंत, कधी नागापूरला चाचांकडे चहाला. बाक डाव्या बाजूला रिकामाच असतो, पण आता तिकडे बघवतं. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल त्यांना एवढंच सांगेन: हवा तपासा आणि निघा, जवळ असेल तिथवर.

परवा मंदाताईंचा फोन आला. "ताई, तुमचं कव्हर हितंच ऱ्हायलं की वो! रईवारी घेऊन येतो. शेडमधली पांढरी गाडी ठोकळ्यावरनं खाली उतरवलीय ह्यांनी. गाडीनंच येनार, हेच चालवनार. मला लई भ्या वाटतंय."

मागून दत्तूभाऊंचा आवाज, "वन, टू!"

"कव्हर तिथेच राहू द्या, पोती झाकायला होईल," मी म्हटलं. "येताना पाण्याची मोठी बाटली घ्या. आणि दत्तूभाऊंचा एक पंचा."