बोटभर हलणारी सायकल

सॅमसन मास्तर गेल्याचं मला गावाहून परतताना, पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघत असताना कळलं. त्यांच्या शाळेतले शिपाई भेटले. "सिस्टर, मास्तर परवा गेले. दफनही झालं." त्याला आता पाच आठवडे होतील. लिहायला बसते आणि उठते...

मास्तर पनवेलच्या एका तांत्रिक शाळेत वेल्डिंग शिकवायचे. ते कोकणातले ज्यू; भावंडं एकेक करून इस्रायलला गेली, हे एकटे इथेच राहिले. मी त्यांच्या शेजारी राहायची. आरोग्य केंद्रात नर्स होते. ओवे गावाच्या पुढे डोंगरातल्या वाड्यांवर सायकलने लसी घेऊन जायची. त्या दगडी वाटेनं सहा वर्षांत कंबर गेली. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली. सायकल बंद म्हणजे वाड्या बंद; दुसरं कुणी तिकडे जायला तयार नव्हतं.

हे ऐकून मास्तरांनी भावाने पाठवलेल्या मासिकातला एक फोटो दाखवला. डोंगरात चालवायची परदेशी सायकल. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या वरच्या टोकाशी तोडून मध्ये रबर बसवलेलं.

"मग पायडलकडून चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांना बिजागरी कुठाय?" मी विचारलं.

"नाहीच. नळीच किंचित वाकते. चाक दगडावर चढलं की वर रबर दबतं, खाली नळी वाकते, आणि दोन्ही परत जागेवर येतात. सगळं मिळून बोटभर. तेवढ्यानं दणका कमी होतो, चेनही सैल पडत नाही."

दोन महिने ते माझ्या सायकलवर खपले. पहिल्याच आठवड्यात उतारावर खालची नळी तुटली. मी पडले, मनगट मोडलं. मास्तर दवाखान्यात आले. म्हणाले, "सिस्टर, चूक माझी. नळी जोडापाशी वाकत होती. आधी मी चालवून बघायला हवी होती."

तेवढ्यात वाडीवरची सोमी मला बघायला आली, सगळी वाट चालत. "बाय, तू नाय आलीस त पोरांना सुया कोन टोचनार?" मास्तर खाली मान घालून ऐकत होते.

त्यांनी नवी नळी घेतली, वाक मध्ये पडावा म्हणून मधोमध चपटी केली. आणि या वेळी चार महिने ती सायकल त्याच वाटेवर स्वतः चालवली. पन्नाशी उलटलेला माणूस, मागे वाळूचं पोतं बांधून...

मग मी ती सात वर्षं चालवली. रबर दरवर्षी कडक व्हायचं, मास्तर बदलून द्यायचे. भावाची बोलावणारी पत्रं येत. "जाणार का?" विचारलं की म्हणायचे, "तुमचं रबर कोण बदलेल?" मी हसायची. आता वाटतं, ती नुसती चेष्टा नसावी. गेल्या वर्षी छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून ते काम शिकवलं.

मागच्या आठवड्यात माझी बदली झाली. सायकल नव्या नर्सला दिली. तिने सीटखाली हात लावला. "मॅडम, हे हलतंय. वेल्ड करून घेऊ?"

"नको. ते हलायलाच पाहिजे." मग मी खाली बसून तिला रबर बदलून दाखवलं.

ती बघत होती. "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

नाही. पाना मात्र माझ्या डाव्या हातात होता. मास्तर डावखुरे होते.