खो देऊन बसलेली वहिनी

शेवटची भेट झाली तेव्हाही वहिनी मला रागावलीच होती. पाठीशी दोन उशा घेऊन पलंगावर बसली होती. अंगात ताकद उरली नव्हती, पण जीभ शाबूत होती. म्हणाली, "भाऊजी, पोट आवरा जरा. एके काळी तुम्हाला बाद करायला तीन पोरी दमायच्या. आता एक पुरेल." मी हसलो. मग ती एकदम गंभीर झाली. "आणि एक सांगून ठेवते, मी गेले म्हणून सराव बंद ठेवायचा नाही. एक दिवससुद्धा नाही. माझ्यानंतर खेळ थांबला तर मी इतकी वर्षं काय केलं...?" पाच दिवसांनी दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. "मालती गेली रे," एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होत आला.

ती लग्न होऊन नाशिकच्या आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि खो-खो खेळतो म्हणून कॉलर ताठ करून फिरत होतो. नवी नवरी आपल्याहून चांगली खेळते हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. अंगणात पदर खोचून तिनं मला अशी हूल दिली, की मी थेट तुळशीपाशी जाऊन आपटलो. आई ओरडली आणि आमची गट्टी जमली ती कायमची. पुढं ती पंचवटीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा शाळेतल्या शिपाईमामांच्या घरच्या लग्नासाठी ती हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावर गेली. परत आली ती वऱ्हाडाबद्दल चकार शब्द न काढता. "भाऊजी, त्या पोरी उतारावरून पळताना वळतात कशा, ते बघायला पाहिजे तुम्ही. डोक्यावर हंडा असतो हो!" त्यानंतर दर शनिवारी दुपारची एसटी आणि रविवारी संध्याकाळची परतीची एसटी, हा तिचा नेम झाला. दादा कुरकुरला, मग स्वतःच डबा भरून द्यायला लागला. मी बँकेच्या नोकरीतून जमेल तसा, कधी तिच्याबरोबर एसटीनं, कधी स्कूटरवरून मागं जायचो.

पाड्यावरच्या शाळेमागच्या माळावर गावकऱ्यांनी सागाचे दोन खांब रोवून दिले. खो-खोला आणखी काय लागतं? वहिनीनं पहिल्या महिन्यात शहरी शहाणपणा केला. पन्नासेक मुलींतून चपळ अशा बारा निवडल्या आणि बाकीच्यांना गोड बोलून घरी पाठवलं. पुढच्या शनिवारी मैदानावर कुणीच नाही. निवडलेल्या बाराही नाहीत! तासभर वाट बघून ती एकेका घरी गेली. जनी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी कडेवरच्या भावाला सावरत म्हणाली, "बाई, मला घेतलं अन् सखूला नाय घेतलं. सखू बसली तर हा तिच्याजवळ ठेवता येतो. ती घरी गेली, मग याला कोण बघंल?" वहिनी तिथंच ओट्यावर बसली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. त्या दिवसापासून निवड बंद. येईल ती खेळेल, मुलगा आला तरी खेळेल, जिचा डाव नसेल ती लहानग्यांना सांभाळेल. स्पर्धा जिंकायच्या असतील तर हे वेडेपणाचं आहे, असं मी तिला तेव्हा ऐकवलं होतं.

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. भाताची कापणी उरकली आणि अर्धा पाडा द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे निघून गेला. मुलंही आईबापांबरोबर गेली. मैदानावर सात जणी उरल्या. परतीच्या एसटीत वहिनी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाशिकला उतरल्यावर मात्र म्हणाली, "मुलं निफाडला आहेत ना, मग आपणच चुकीच्या एसटीत बसतोय." पुढच्या शनिवारी आम्ही निफाडच्या बाजूला बागांमध्ये हिंडत होतो. मजुरांच्या खोपींशेजारी एका भल्या बागाईतदारानं खळ्याची जागा दिली. काम आटोपून आयाबाया चुली पेटवायच्या, तेवढ्या वेळात डाव व्हायचे. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मजुरांची मुलंही हळूहळू शिरली. दिवाळीपर्यंत डोंगर, शिमग्यापर्यंत बागा, असं आमचं वर्ष ठरून गेलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. एका हिवाळ्यात वहिनी बाथरूममध्ये घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तीन महिने पलंगावर. "आता यंदाचं बंद," असं सगळ्यांना सांगायला मी निफाडला गेलो. बागेजवळ पोहोचतो तो लांबूनच "खो! खो!" ऐकू आलं. बागेतले दोन बांबू रोवून जनीनं डाव मांडला होता. तिचं लग्न झालं होतं, दिवसभर बागेत राबून आली होती, साडीचा काष्टा घट्ट मारून ती लहान मुलींना सूर कसा मारायचा ते दाखवत होती. मला बघून म्हणाली, "बाईंचा पाय कसा हाय? त्यांना म्हणावं, लय घाई करू नका, हिकडं चाललंय." मी धावतपळत घरी आलो आणि ही हकीकत रंगवून रंगवून सांगितली. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

कारण माझ्या मनात वेगळंच होतं. वहिनीनंतर हे काम मीच बघणार, असं मी गृहीत धरलं होतं. रीतसर मंडळ करायचं, मी अध्यक्ष, वहिनीचं नाव पाटीवर... पाटीचा नमुनासुद्धा काढून आणला होता. पाय बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी तिनं मैदानावर शिट्टी जनीच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून ही सांगेल तसं." मी परतताना धुमसत होतो. "वहिनी, तू माझ्या सगळ्या बेताला खो घातलास." ती शांतपणे म्हणाली, "घातला नाही भाऊजी, दिला. जनीला दिला. तुम्ही आणि मी एसटीनं येणारी माणसं. आपली एसटी चुकली की खेळ बंद. ती जिथं जाईल तिथं मुलं असतातच." मी तोंड फिरवलं. तेव्हा ती जरा हळू आवाजात म्हणाली, "खो दिल्यावर आपण बसायचं असतं. मला काय सोपं वाटतंय का?"

मी वर्षभर फिरकलो नाही. आज ते आठवलं की लाज वाटते. शेवटी दादानंच दटावून पाठवलं. गेलो तर वहिनी बांधावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मैदानात जनी एका पोरीला चुकीच्या बाजूनं खांब घ्यायला लावत होती, अगदी चुकीच्या. वहिनी बसल्या जागी पुढं झुकली, पण हात काही वर आला नाही आणि तोंडही उघडलं नाही. मी शेजारी जाऊन बसलो. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "गाल फुगवून दुखले नाहीत का हो?" आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसानंतर मी तिच्याशेजारी बसायला शिकलो, आणि तिच्यावर माझी माया होतीच, ती आणखी वाढली.

परवाच्या रविवारी तिचा फ्रेम केलेला फोटो पिशवीत घेऊन मी पाड्यावर गेलो. शाळेच्या भिंतीवर लावावा, असं मनात होतं. जनीनं लांबूनच हात केला, "काका, थांबा, डाव चालू हाय." मी बांधावर बसून फोटो बाहेर काढला. सात-आठ वर्षांची एक नवीन मुलगी जवळ आली आणि वाकून बघत म्हणाली, "ह्या कोण?" जिनं हे सगळं उभं केलं, तिला ही ओळखतसुद्धा नाही! सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती समोर फतकल मारून बसली. "मैदानात यायचं तर पाय दाखवा." मी चप्पल काढली. तिनं माझा पाय सरळ मांडीवर घेतला, टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा फिरवून काटा शोधला, पदर नव्हता म्हणून फ्रॉकच्या टोकानं तळवा पुसला आणि त्यावर हलकी चापट मारून म्हणाली, "जा, पळ." अगदी तस्संच. पाड्यावर खेळ शिकवायला आली त्या पहिल्या दिवशी वहिनीनं एकेका मुलीचा पाय असाच मांडीवर घेतला होता. बाई पायाला हात लावतात म्हणून आया संकोचून गेल्या होत्या, आणि पुसायला तिच्याकडं पदर होता. या पोरीला ते कुणी शिकवलं, जनीनं की जनीच्या हाताखालच्या एखादीनं, देव जाणे. ती कधीच पळून गेली होती. मी डोळे पुसले, फोटो पिशवीत घातला आणि तसाच घरी घेऊन आलो.