मधल्या पेटीची राणी

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटासुलटा करून पाहायचा, ठीक असेल तर गठ्ठ्यावर खडूने खूण करायची. तिथे एक नियम होता. चुकीचा माल पास केला, तर ती खूण पुसायची नाही. माल दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांना दिसली पाहिजे.

निवृत्त झाल्यावर ताईने गच्चीवर मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. जन्मभर हमाली केली, म्हणून पेट्या मीच चढवल्या. एकोणचाळीस पायऱ्या, मध्ये कुठेही न टेकता. भाऊजींनी पेट्यांना लांबून नमस्कार केला, ते अजून लांबच आहेत.

पेटीतली सगळी कामं कामकरी माश्या करतात. अंडी घालायची ती राणीनेच. एका सकाळी ताईने मधल्या पेटीतली पोळ्याची चौकट उचलली आणि हरखून गेली. मेणाच्या एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी. तिने झाकणावर खडूने लिहिलं : राणी जोमात.

तीन आठवड्यांत बिंग फुटलं. घरांची तोंडं फुगून वर आली आणि आतून निघाले ते सगळे नर. ज्याच्याकडून पेट्या घेतल्या त्या पेटीवाल्याला बोलावलं. त्याने चौकट उन्हात धरली आणि सांगितलं, राणी केव्हाच गेली. राणी घराच्या तळाशी एकच अंडं घालते, ही अंडी भिंतींना चिकटलेली. राणी नाही आणि नवी राणी घडवायला कोवळी पिल्लंही नाहीत, अशी वेळ आली की काही कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. त्यांचा नराशी संग झालेला नसतो, म्हणून त्या अंड्यांतून फक्त नर होतात. नर ना मध आणतात, ना घर बांधतात. खाणारे वाढतात, कमावणारे घटतात, पेटी संपते.

“सासू गेली, आता सगळ्या सुनांना सासू व्हायचंय,” ताई म्हणाली. पण तिचं तोंड उतरलं होतं.

पेटीवाल्याने नवी राणी आणून सोडली. दुसऱ्या दिवशी माश्यांनी तिला मारून पेटीच्या दारात टाकलं होतं. तो म्हणाला, माश्या झटकून टाका, पेटी मोकळी करा. ताईने दुसरा उपाय विचारला. उपाय होता, पण कोणी करत नाही. दर आठवड्याला चांगल्या पेटीतली अंडी-पिल्लांची एक चौकट इथे द्यायची. पिल्लांच्या वासाने कामकरी माश्यांचं अंडी घालणं थांबतं, मग त्यांतल्याच एका पिल्लाची त्या राणी करतात. मात्र चांगली पेटी तेवढी कमजोर होते, आणि यश येईलच असं नाही.

“माल मी पास केलाय,” ताई म्हणाली. “दुरुस्तही मीच करणार.”

ती मऊ ब्रशने चौकटीवरच्या माश्या झाडायची, मी चौकट न्यायचो. शंभर किलोचं पोतं मी पाठीवर नेलं आहे. पण ही दोन किलोची चौकट सात पावलं नेताना हात घामेजायचे. धक्का लागला की पिल्लं गेली. दुसऱ्या रविवारी माझा पाय घसरता घसरता वाचला, तर ताईने मला लहानपणापासूनच्या सगळ्या धडपडी ऐकवल्या.

तिसऱ्या चौकटीवर भुईमुगाच्या शेंगेएवढं घर लोंबताना दिसलं. ते राणीचं. ताईने तरीही चौथी चौकट दिली.

महिन्याभराने आम्ही पेटी उघडली. ताईने चष्मा पुसून घराघरातली अंडी मोजली. एक, एक, एक. मग चौकट माझ्या हातात दिली, कारण एकदा चुकलेल्या चेकरने दुसऱ्याची नजर घ्यायची असते. मला एका घरात दोन दिसली. पेटीवाला फोनवर म्हणाला, नव्या राणीचं सुरुवातीला होतं तसं. ताईलाही पटलं, कारखान्यात नवी मुलगी पहिल्या आठवड्यात दुहेरी टाके घालायचीच. पण तिने झाकणावरची खूण पुसली नाही.

आठवड्याने पुन्हा पाहिलं. तळाशी एकेक, उभं. ताईने ओलं फडकं घेऊन झाकण घासून पुसलं.

भाऊजींनी गच्चीच्या दारातूनच विचारलं, झालं का.

“झालं,” ताई म्हणाली. “आता या जवळ.”

ते आले नाहीत.